आधी घरचे वीस गुंठे, मग मंचरचा बाजार



परवा भोगी झाली. दरवर्षी या दिवसांत मी कांद्याच्या लागणीची, पाण्याच्या पाळ्यांची नोंद टाकतो. आज थोडं वेगळं लिहितोय. लांब आहे, पण वाचा. पटलं नाही तर खाली भांडा, मला चालतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बाराशे जुड्या कोथिंबीर काढली. पाच बाया, चारशे रुपये हजेरी, म्हणजे दोन हजार. पिकअपचं भाडं नऊशे. बाजारात त्या दिवशी मालाचा ढीग. माझ्याआधी लावलेल्या गाडीला शेकडा अडीचशे मिळाले, माझ्या वेळेला दोनशे. पट्टी आली चोवीसशेची. हमाली सोडूनच द्या, नुसती मजुरी आणि भाडं धरलं तरी पाचशे रुपये माझ्या खिशातनं गेले. बी, खत, फवारणी, रात्रीचं पाणी हे सगळं फुकट.

येताना घरची यादी होती. ज्वारी दहा किलो, हरभऱ्याची डाळ, लसूण, तेलाचा कॅन, आणि पावकिलो मेथीदाणे. बिल एकवीसशे पन्नास. घरी पिशव्या ओट्यावर ठेवल्या. आई चुलीपाशी शेकत बसली होती. तिनं ज्वारीची पिशवी हातात घेतली, दोन दाणे दाताखाली धरले आणि म्हणाली, "ही कुठली रे? आपल्या रानातली न्हाय." मी म्हटलं, "विकतची." ती पुढं काही बोलली नाही. पिशवी बाजूला ठेवली फक्त.

तीन एकर बागायत. डिंभ्याच्या उजव्या कालव्याचं पाणी, विहीर, ठिबक. आणि पाच माणसांच्या भाकरीची ज्वारी दुकानातनं. त्या रात्री झोप लागली नाही, ती पाचशे रुपये गेले म्हणून नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. ज्याच्याकडं दोन-तीन एकर आहे, त्यानं पहिले वीस गुंठे घरासाठी राखावेत, आणि उरलेल्या रानात बाजाराचा काय तो जुगार खेळावा. आज आपण उलटं करतोय. सगळं रान बाजाराला देतो आणि बाजारातनं घर चालवतो. एकाच माणसाला दोनदा लुटायची सोय आपण स्वतः करून ठेवलीय. विकताना घाऊक भाव, घेताना किरकोळ भाव.

आता यावर दोन बाजूंनी लोक तुटून पडणार. दोघांनाही उत्तर देतो.

पहिले, मोबाइलवरचे हौशी

हल्ली रील येतात. मातीचं घर, चूल, गाय, धुकं, मागं बासरी. "आम्ही बाजारातून काहीच आणत नाही." शहरातली माणसं खाली लिहितात, किती सुंदर आयुष्य! माझ्या पोस्टला कोणी त्या माळेत ओवू नये.

बाजारातून काहीच न आणणारं घर मी पाहिलेलं नाही, आणि आईनंही पाहिलेलं नाही. मीठ, चहा, साखर, रॉकेल, कापड हे तिच्या लहानपणीही विकतच होतं. आज त्यात पोरांची फी, दवाखाना, मोबाइलचं रिचार्ज, सोसायटीचा हप्ता आलाय. हे ज्वारी देऊन भागत नाही. पैसा लागतोच. कांदा, बटाटा, टोमॅटो करावाच लागतो.

आणि "पूर्वी सगळं घरचं होतं" म्हणणाऱ्यांना १९७२ आठवून देतो. तेव्हा डिंभं धरण नव्हतं. पाऊस गेला, कणग्या रिकाम्या झाल्या. घरचंच खाणारी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि परदेशातनं आलेला लाल मिलो खाऊन जगली. आई त्या मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करते. नुसतं घरच्यावर विसंबलेलं घर एका पावसाच्या खंडानं बसतं. नुसतं बाजारावर विसंबलेलं घर एका भावाच्या पडझडीनं बसतं. म्हणून मी पूर्ण स्वयंपूर्ण व्हा म्हणत नाही. पायाखाली एक दगड पक्का ठेवा, एवढंच म्हणतो.

दुसरे, हिशोबवाले

माझा भाचा कृषी पदवीधर आहे. हुशार पोरगं. त्याला मी हे बोललो तर तो लगेच मोबाइलवर आकडे मांडून म्हणाला, "मामा, वीस गुंठ्यांत रब्बी कांदा केला तर साठ-सत्तर क्विंटल निघतो. पंधरा रुपये किलो धरा, लाखाच्या जवळ जातंय. तुमची ज्वारी, गहू, हरभरा मिळून किती होणार? भावनेनं शेती होत नाही."

बरोबर आहे त्याचं, भावनेनं होत नाही. म्हणून मी वही काढली. आमच्या वहीतला हिशोब जसाच्या तसा देतो. जमीन मध्यम ते भारी, पाणी आहे, असं धरून.

रब्बीत वीस गुंठ्यांची वाटणी अशी: ज्वारी आठ, गहू सहा, हरभरा तीन, भाजीपाला-लसूण-मिरची तीन.

ज्वारी आठ गुंठे. बी पाऊण-एक किलो पुरतं. एकरी नऊ क्विंटल धरले तर एकशे ऐंशी किलो. दुकानात पन्नास रुपयांनी घेतली असती, म्हणजे नऊ हजार. वर सहा-सात क्विंटल कडबा. एका गाईला रोजचा पाच-सहा किलो धरला तर जवळजवळ चार महिने. त्याचे साडेतीन हजार धरा.

गहू सहा गुंठे. दोन क्विंटल. अडतीस रुपयांनी शहात्तरशे.

हरभरा तीन गुंठे. साठ किलो. ऐंशी रुपयांनी अठ्ठेचाळीसशे. हिरवा असताना पोरांनी खाल्लेला सोलाणा वेगळा, त्याचा हिशोब ठेवत नाही.

भाजी तीन गुंठे. दिवसाला साठ रुपयांची भाजी वाचली तर चार महिन्यांत बहात्तरशे. यात लसूणही आहे. २०२४ च्या हिवाळ्यात लसूण किलोला चारशेच्या घरात गेला होता तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी, शेतकऱ्यांनी, पाव-पाव किलो लसूण आणलाय. दोन वाफे लावायला काय लागतं?

बेरीज बत्तीस हजार शंभर. खर्च नांगरट, बी, खत, मळणी धरून आठ हजार. उरले चोवीस हजार शंभर.

आता भाच्याचा कांदा. पासष्ट क्विंटल, पंधरा रुपये, साडेसत्त्याण्णव हजार. रोप, लागण, खुरपण, खत, औषध, काढणी, काटणी, बारदान, भाडं मिळून अर्ध्या एकराला चाळीस हजार जातात. राहिले साडेसत्तावन्न हजार. म्हणजे चांगल्या वर्षी कांदा जिंकला, तेहतीस हजारांनी. हे मी कबूल करतो, लपवत नाही.

पण भाव आठ रुपये झाला तर? बावन्न हजारांतनं चाळीस वजा, हातात बारा. सहा झाला तर घरातनं हजार रुपये घालायचे. आणि आठ-सहाचा भाव आपण बघितलेला नाही असं मंचर, नारायणगाव, चाकणच्या बाजारात गेलेला कोणी म्हणू शकतो का?

हिशोबवाल्यांची चूक इथंच आहे. ते घरच्या ज्वारीला बाजार समितीचा भाव लावतात. घरात खाल्लेल्या मालाला दुकानाचा भाव लावायचा असतो, कारण तो माल नसता तर आपण दुकानातच गेलो असतो. मधला भाडं, हमाली, व्यापाऱ्याचा नफा, दुकानदाराचा नफा हे सगळं आपल्या घरात राहतं. आणि दुसरं, ते चांगल्या वर्षाचा आकडा धरून बोलतात. प्रपंच चांगल्या वर्षावर चालत नाही, तो पाचही वर्षं चालवावा लागतो.

मी तीन एकर म्हणजे एकशे वीस गुंठ्यांतले वीस मागतोय. सहावा हिस्सा. उरलेल्या शंभरात भाच्यानं खुशाल कांदा करावा, मीही करतोच.

कणगीवर निर्यातबंदी येत नाही

डिसेंबर २०२३ आठवा. ऐन हिवाळा, लाल कांदा बाजारात, आणि दिल्लीनं एका रात्रीत निर्यात बंद केली. आधी ऑगस्टमध्ये चाळीस टक्के शुल्क लावलं होतंच. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही शुल्क आणि किमान निर्यात मूल्याची अट ठेवून. शुल्क पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडलं. त्या काळात ज्याचं सगळं रान कांद्याखाली होतं त्याच्या घरात काय झालं ते मी सांगायला नको. पोरीचं लग्न पुढं ढकललेलं घर आमच्या वाडीत आहे.

याला विरोध करायचा, रस्त्यावर यायचं, भाव मागायचा, हे सगळं केलंच पाहिजे. पण रस्त्यावर बसलेल्या माणसाच्या घरात संध्याकाळी पीठ असावं लागतं. ज्याच्या डब्यात आठ दिवसांचं दळण नाही तो बराखीतला कांदा रोखून धरू शकत नाही. तो पडेल भावाला गाडी भरतो. घरचं धान्य हे भांडायचं बळ आहे.

हे मी नवीन सांगत नाही. आपल्या शेजारच्या चाकणला १९८० साली कांद्याच्या भावासाठी पुणे–नाशिक रस्ता अडवला गेला. त्या लढ्याचे शरद जोशी. आयुष्यभर त्यांनी एकच मुद्दा लावून धरला, शेतीमालाला भाव. बाजाराच्या विरोधात ते कधीच नव्हते. पण त्याच माणसानं पुढं चतुरंग शेती मांडली. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. क्रम बघा. पहिली दोन घराची, मग बाजाराची. आपण शेवटच्या दोन पाठ केल्या आणि पहिल्या दोन विसरलो.

हिवाळाच का?

कोणी विचारेल, वर्षभराचं सोडून हिवाळ्याचीच गोष्ट का? कारण आपल्या भागात घर भरायचं काम याच चार महिन्यांत होतं.

खरिपातली बाजरी ऑक्टोबरात घरात येते आणि थंडीभर तीच खायची असते. बाजरी दळून ठेवता येत नाही, पीठ लवकर कडू होतं, म्हणून दाणे ठेवायचे आणि आठवड्याचंच दळायचं. याच दिवसांत वाल-पावटा, गाजर, वांगी, मेथी, पातीचा कांदा, हिरवा हरभरा रानात असतो. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, भोगीला सगळ्या शेंगाभाज्यांची मिसळ आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी हा काही पंचांग लिहिणाऱ्याचा लहरीपणा नव्हता. त्या दिवशी रानात जे असतं तेच ताटात होतं. परवा भोगीला मंचरला भाज्यांचे तयार वाटे विकायला होते, आणि घेणाऱ्यांत निम्मे शेतकरी. मागच्या वर्षी मीही त्यात होतो.

याच चार महिन्यांत वर्षाची ज्वारी, गहू, हरभरा उभा असतो. जानेवारीत हुरडा, फेब्रुवारी-मार्चात खळं. हिवाळा चुकला की वर्ष दुकानावर जातं.

माझी फेरपालट अशी आहे. खरिपात आठ गुंठे मूग, त्यावर सप्टेंबरच्या शेवटी ज्वारी. नऊ गुंठे बाजरी, ती निघाली की नोव्हेंबरात सहा गुंठे गहू आणि तीन गुंठे हरभरा. तीन गुंठे भाजीचे बाराही महिने. डाळीच्या पिकामागं धान्य आणि धान्यामागं डाळ, जमीन आपोआप सुधारते. बाजरीत धनशक्ती हा वाण घेतलाय. त्यात लोह जास्त आहे, आणि तो संकरित नाही, त्यामुळं चांगली कणसं निवडून बी घरचं धरता येतं. ज्वारीला पाणी देता येतं म्हणून फुले रेवती. हलक्या, कोरडवाहू रानावाल्यांनी ही नकल करू नये, त्यांनी मालदांडी किंवा राहुरीच्या विद्यापीठाचे हलक्या-मध्यम जमिनीचे वाण बघावेत.

तेलाचं मात्र अजून जमलेलं नाही. ज्वारीच्या कडेनं करडईचे तास टाकतो. काट्यामुळं ढोरं आत शिरत नाहीत आणि पंधरा-वीस किलो करडई मिळते. घाण्यावर नेली की तेल येतं पाचेक किलो. पाच माणसांच्या घराला ते सव्वा महिना. बाकी विकतच. देशालाच निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणावं लागतं, तिथं माझं काय. पण गोष्ट खोटी सांगायची नाही म्हणून लिहिलं.

पाणी आणि बिबट्या

रब्बी कांद्याला दहा-बारा पाण्याच्या पाळ्या लागतात. ज्वारीला तीन-चार, हरभऱ्याला दोन-तीन. गव्हाला पाच-सहा. याचा अर्थ आपल्या भागात फक्त पाण्याची बचत एवढाच नाही. रात्रपाळीची लाइट असते त्या आठवड्यात थंडीत, बॅटरी घेऊन, उसाच्या कडेनं दारं मोडायला कोण जातं? आपणच. ऊसतोड चालू झाली की बिबट्याचा आडोसा जातो, बछडी उसात सापडतात, मादी आसपास असते. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे म्हणून बिबट्या तिथंच राहतो असं नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूरमध्ये माणसं गेली आहेत, पोरं गेली आहेत.

कमी पाण्याचं पीक म्हणजे रात्रीच्या कमी फेऱ्या. हा आकडा कुठल्याच नफा-तोट्याच्या तक्त्यात नसतो. मी तो धरतो. दिवसा लाइट मिळालीच पाहिजे, ती मागणी सोडायची नाही. पण मिळेपर्यंत जीव सांभाळायचा.

आणि एक. घराच्या भिंतीला ऊस लावू नका. घराजवळ हरभरा, गहू, भाजी अशी बुटकी पिकं ठेवा, नजर लांबपर्यंत जाते. ज्वारी उंच वाढते, ती लांबच्या तुकड्यात टाका. एवढं तर आपल्या हातात आहे.

जिथं मी चुकलो

पहिल्या वर्षी मी एकट्यानंच आठ गुंठे ज्वारी टाकली. आजूबाजूला सगळा कांदा आणि ऊस. पंचक्रोशीतली सगळी पाखरं माझ्याकडं जेवायला. निम्मं गेलं. पुन्हा एवढ्याशा तुकड्यासाठी मळणी यंत्रवाला यायला तयार नाही. शेवटी काठीनं झोडपून काढली. भाच्यानं फोटो काढले आणि हसला. हसू दे, हक्क होता त्याचा.

यंदा शेजारच्या चार घरांना धरलं. पाच घरांची ज्वारी एकमेकांला लागून, एकाच पट्ट्यात. सगळी मिळून एक एकर. पाखरं सगळ्यांत वाटली जातात, गोफण घेऊन पाळीनं एकजण माळ्यावर असतो, आणि एका एकरासाठी मळणीवाला नाही म्हणत नाही. आमच्या आज्यांनी याला सावड म्हटलं होतं. आपण सावड सोडली आणि गट शेतीच्या प्रशिक्षणाला जाऊन चहा पिऊन येतो.

एकट्याची स्वयंपूर्णता टिकत नाही हे मला पाखरांनी शिकवलं. वाडीची टिकते.

कारभारणीचं म्हणणं

सगळ्यात कडक टीका घरातूनच झाली. मी वही वाचून दाखवली तेव्हा कारभारीण म्हणाली, "अहो, आकडे झाले वाचून? आता मला सांगा, ही वीस गुंठे खुरपणार कोण? हरभरा उपटणार, लसूण निवडणार, धान्य वाळवून राख लावून भरणार कोण? कांद्याला तुम्ही बाया लावता, हजेरी देता. घरच्या रानाला हजेरी कुणाची लावलीत?"

मी वही परत बघितली. खर्च आठ हजार लिहिला होता, त्यात तिच्या एका दिवसाचीही मजुरी नव्हती. ती धरली असती तर माझे चोवीस हजार पंधरा-सोळावर आले असते. म्हणजे मी व्यापाऱ्याला लुटारू म्हणत होतो आणि तोच हिशोब घरात चालवत होतो.

हा मुद्दा पुरुषांनी नीट ऐकावा. घरचं खायचं, आरोग्याचं खायचं, जुनं ते सोनं, हे सगळं बोलायला सोपं आहे, कारण जुन्या काळी जात्यावर आपण नव्हतो. बाईच्या पाठीवर उभी राहणारी स्वयंपूर्णता मला नको. तिच्यापेक्षा दुकानातलं पीठ बरं.

आमच्या घरात ठरलं ते असं. दळण गिरणीतच, जातं भिंतीला शोभेला. पेरणी ओळीत, दोन कोळपण्या मी देणार, म्हणजे खुरपण निम्म्यावर येतं. ज्वारी काढणी आणि हरभरा उपटणं सावडीत, त्यात पुरुष आधी. वीस गुंठ्यांत घरचं भागून जे उरेल, म्हणजे कडबा, मूग, जास्तीची भाजी, त्याचा पैसा तिच्या खात्यावर, त्याचा हिशोब मी मागायचा नाही. आणि त्या तुकड्यात काय पेरायचं ते ती ठरवणार. यंदा तिनं माझी मिरची कमी करून जवस टाकलंय. चटणीला लागतं म्हणाली. मला विचारलं नाही.

शेवटची गोष्ट उरलीय. शरद जोशींनी लक्ष्मी मुक्ती मांडली होती, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करा. पुढं त्याच नावाची शासनाची योजनाही आली, तलाठ्याकडं अर्ज करून सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावता येतं. मी अर्ज भरून ठेवलाय. भरून ठेवलाय, दिलेला नाही. भावकी काय म्हणेल याचा विचार करत तीन आठवडे तो अर्ज कपाटात आहे. हे लिहितानाच लाज वाटतेय. उद्या मंगळवारी देतो. दिल्यावर इथं सांगीन. नाही सांगितलं तर विचारा.

कृषी खात्याला आणि केव्हीकेवाल्यांना

या पानावर बरेच कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळी आहेत. त्यांना हात जोडून तीन गोष्टी सांगतो.

एक. पीक नियोजनाच्या तक्त्यात "घर" असा एक रकाना टाका. एकरी उत्पादन, एकरी नफा विचारता, घराला किती धान्य लागतं हे कधीच विचारत नाही.

दोन. बियाणं आठ-दहा गुंठ्यांच्या पिशवीत मिळू द्या. ज्वारीची पिशवी एकराची, हरभऱ्याची वीस-तीस किलोची. लहान माणसानं उरलेलं बी कुठं ठेवायचं? लहान पिशवी, आणि त्यात घरी बी कसं धरायचं याचा एक कागद.

तीन. प्रात्यक्षिकाचा प्लॉट लावता तेव्हा एखादा पूर्ण वीस गुंठ्यांचा घरचा प्लॉट लावा, मजुरीसकट, बाईच्या मजुरीसकट हिशोब लिहून. माझा हिशोब चुकला असेल तर त्यात दिसेल. दिसू द्या.

जुन्नरच्या डोंगरापलीकडं, अकोल्याच्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी गावठी बी जपलं, म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. आपण सगळ्यांनी त्यांचे फोटो पाठवले. फोटो पाठवणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात आज एक मूठ घरचं बी आहे?

आता काय करायचं

यंदाची पेरणी झालेली आहे, ज्वारी-हरभऱ्याची वेळ गेली. पण चार गोष्टी आजही होतात. घरामागं तीन गुंठ्यांत मेथी, पालक, कोथिंबीर दहा-दहा दिवसांच्या अंतरानं वाफ्यावाफ्यानं टाका, सगळी एकदम नको. डिसेंबर ते मार्च किराणा आणि भाजीचं बिल वहीत लिहा, खोटं न लिहिता. शेजारच्या दोन-चार घरांशी आत्ताच बोलून ठेवा, पुढच्या सप्टेंबरात ज्वारीचा पट्टा कुठं टाकायचा ते. आणि त्या तुकड्याची मजुरी कुणाची, पैसा कुणाचा, हे घरात बसून ठरवा. हे शेवटचं सगळ्यात आधी करा.

आमच्या पट्ट्यातली ज्वारी आता निसवून दाणे भरतायत. चार दिवसांपूर्वी पाच घरांनी मिळून हुरडा भाजला. आई काठी टेकत बांधापर्यंत आली. एक मूठ तोंडात टाकली. मी बघत होतो ती काय म्हणते.

म्हणाली, "अजून आठ दिवस थांबायला पायजे होतं. कवळा हाय."

टीकेचं स्वागत आहे. हिशोबात चूक असेल तर आकड्यासकट सांगा. राम राम.